बाराव्या मजल्याची बाटली

उकळतं पाणी घालायचं नाही. मुरडते.
कोमट घ्यायचं, चिमूटभर सोडा, पिळलेल्या लिंबाची साल,
बूच लावून हलवायचं दंड भरून येईस्तोवर,
मग दोन दिवस उन्हात, उलटी.
तरी आंबूस वास राहिलाच
तर ती बाटली मिठाला नाही,
डिझेलला.

यातलं काही नंदिता मॅडमना सांगितलं नव्हतं.
त्यांनी एकदा विचारलं होतं,
"इतक्या बाटल्यांचं करतेस काय गं, मंजुळा?"
आणि मी तोंड उघडेपर्यंत
त्यांचा फोन वाजला.

सीवूड्स, बारावा मजला.
गाईचं दूध, लिटरची बाटली, दिवसाला दोन,
जाड, पांढरी, बाजूला धरायला मूठ.
वॉचमन माझी पिशवी उघडून बघतो,
आत सगळा पोकळ आवाज,
सोडतो.

दिवाळे गावात आमच्या घरी
या बाटल्या बसून खात नाहीत.
खालच्या अर्ध्यात कढीपत्ता, बुडाला तीन भोकं.
वरचं अर्धं उलटं धरलं की नरसाळं,
जोमा त्यातून इंजिनात डिझेल ओततो,
थेंब सांडला तर मलाच बोलतो.
आख्खीला मेण लावून बूच घट्ट केलं की जाळ्याला बोया.
(वर्षभरच. मग ऊन तिला चिरतं.)
एका बुचाला मी तापल्या दाभणानं नऊ भोकं पाडली,
ती सासूबाई बाजारात नेतात,
बोंबलांच्या पाटीवर शिंपडतात,
गिऱ्हाइकाला वाटतं आत्ताच खाडीतनं आले.

पण सगळ्यांत कामाची ती तिरपी कापलेली.
बूच तसंच, मूठ तशीच, तळ तेवढा तिरका उडवायचा
आणि कड मेणबत्तीवरून फिरवायची,
नाहीतर बोट जातं.
होडी गळते आमची.
जोमा म्हणतो डांबर लावू. दोन वर्षं म्हणतोय.
तोवर उपसा.

डिसेंबरात रात्री साडेनऊला मॅडमचा फोन.
ओजसला शाळेत उद्या टाकाऊतून टिकाऊ,
आणि घरात एकही बाटली नाही.
"तूच नेतेस ना सगळ्या?"
आवाज असा, जणू मी चोरल्यात.

घरात शोधलं.
सगळ्या कामाला लागलेल्या.
एकच रिकामी होती, वळचणीला, उन्हाची वाट बघत.
सहाच्या आत बाराव्या मजल्यावर पोचवली.

हत्ती झाला तिचा.
मुठीची सोंड, पुठ्ठ्याचे कान,
डोळे मात्र मन लावून काढलेले,
काळे, पाणीदार, पापण्यांसकट.
दुसरा नंबर आला.
सर्टिफिकेट फ्रिजवर गेलं,
हत्ती आठवडाभर टीव्हीखाली, मग चपलांच्या कपाटावर,
मग सुक्या कचऱ्यात.

"नेऊ?"
"हो हो, तसंही आता..."
पुढचं त्या बोलल्या नाहीत.

कान दारातच गळाले.
पाठ मी तिरपी कापली, कड भाजली.
डोळे सोड्यानं गेले नाहीत, काथ्यानं घासून गेले नाहीत,
मग मीच घासायचं सोडलं.

पदू नाखवानं होडीत बसल्याबरोबर विचारलं,
"हिला डोले कोनी दिले?"
म्हटलं, "शालंन दुसरा नंबर आयलाय तिचा."
म्हातारा इतका हसला की उपसायचं राहून गेलं,
पाणी घोट्याला आलं.

आता जोमा सोंडेला धरून वाकवतो तिला,
ती तोंडभर पाणी घेते, खाडीत थुंकते,
परत वाकते.
मागे टॉवरचे दिवे लागतात.
मी बारावा मजला मोजायला जाते
आणि नवव्यापाशी चुकते.

मॅडमकडे हल्ली दूध पिशवीतून येतं.
बाटली महाग झाली म्हणे.
पिशव्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
धुऊन दोरीवर घातल्यात,
अकरा,
चिमटे कमी पडले.