कवळी

चर्चचे पिवळे टी-शर्ट घालून आम्ही अकराजण
केंटकीच्या त्या घळीत उतरलो,
फावडी, ब्लीच आणि पाठ केलेलं सांत्वन घेऊन.
ऑर्लीना म्हणाली, "प्रार्थना मागाहून.
आधी फ्रीज बाहेर काढा. दार उघडू नका."

तिसऱ्या दिवशी
जिन्याखालच्या गाळात मला कवळी सापडली.
धुऊन तिच्यापुढे धरली.
"माझी माझ्या तोंडात आहे," ती हसली.
मग सोन्याच्या दातावर तिचं बोट थांबलं.

"व्हर्लिनची. ओढ्याच्या वरच्या अंगाचा.
तो अजून मिळाला नाही."

एप्रनला पुसून तिनं ती
फडताळात ठेवली,
उरलेल्या दोन कपांशेजारी.

रात्री पास्टरनी अन्नाबद्दल आभार मानले.
सगळे आमेन म्हणाले.
तोंडातला घास
मला चावता येईना.