तीन वाम

पाटीवर लिहिलंय: स्थापना ११०३.
खाली, उडालेल्या सोनेरी रंगात,
तीन वाम एकमेकांच्या शेपट्या गिळताहेत.
"आकडा माझ्या सासऱ्यांचा," हेस्टरबाई म्हणतात, ग्लास पुसता पुसता.
"पलीकडच्या काठावरच्या 'नांगर'वाल्यांनी ११४७ रंगवलं,
त्याच आठवड्यात ह्यांनी शिडी लावली."

सेव्हर्न आज दुसऱ्या पायरीला लागलीय.
तपकिरी. तिच्यातून कुणाचं तरी फाटक चाललंय, बिजागऱ्यांसकट.

पाद्रीबुवा म्हणतात, ही मठाची धर्मशाळा.
पाव आणि पातळ बिअर, येईल त्याला, फुकट.
पुरावा: तळघरातली एक कमान,
अर्धी मुजलेली, काळी.
ऑसविन ग्विलियम तिला चुन्याची भट्टी म्हणतो.
त्याच्या घराण्यानं इथं अकरा पिढ्या नाव वल्हवली.
"आधी नावाडी," तो म्हणतो, "मग त्याचं घर,
मग घरात अडकलेले उतारू, मग पिंप.
ह्यात मठ कुठं बसवता?"
आणि पेला उलटा ठेवतो, मुद्दा संपल्यासारखा.

परवाच्या हिवाळ्यात विद्यापीठातली एक मुलगी आली.
तुळईला बोटभर भोक पाडून
लाकडाची कांडी घेऊन गेली, कापसात, डबीतून.
मग पत्र आलं: ओक, १५७२च्या थंडीत तोडलेला.
म्हणजे दोघंही खोटे,
किंवा दोघंही खरे आणि तुळई नवी.
पत्र कुठंय?
हेस्टरबाई वर बोट दाखवतात.
त्याच भोकात, गुंडाळी करून.
वारा यायचा तिथून.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये,
आमच्याकडे म्हणतात, मी सांगितलं.
"आणि सराईचं?"
म्हण तिथं संपत होती.

दाराच्या चौकटीवर मात्र खाचा आहेत, पुरांच्या.
एक गुडघ्याशी, दोन कमरेशी,
एक माझ्या कपाळाच्या वर, तिच्यापुढं सुरीनं कोरलेलं: टॅमझिन.
साल नाही.
कोण टॅमझिन? बुडाली, की खाच पाडणारी तीच?
कुणालाच ठाऊक नाही.
तिच्यावरून इथं कधी भांडण झालेलं नाही.

दिवे गेलेत. शेवटची बसही.
जिन्यावरून पाद्रीबुवा आणि ऑसविन
ओला गालिचा वर चढवताहेत, एकेक टोक धरून.
"कमान."
"भट्टी. डावीकडं घ्या."
"कमान."

हेस्टरबाई मेणबत्ती घेऊन चौकटीपाशी बसल्यात,
मांडीवर भाजी चिरायची सुरी,
पाणी कुठं थांबतंय ते बघत.