दाताळं

एकावन्नाव्या वर्षी मला गणवेश मिळाला.
जाकीट दोन मापं मोठं,
कॉलरच्या आत मार्करनं लिहिलेली तीन नावं,
त्यातली दोन खोडलेली.
"तिसराही गेला," हाल्बेरा म्हणाली,
"लग्न करून नॉर्वेला. घाल खुशाल."

हाल्बेरा माझी वरिष्ठ. वय सव्वीस,
माझ्या थोरलीच्या वर्गातली.
तिनं सही घेऊन दिलं सगळं:
वायरलेस, मलमपट्टीची पेटी, संडासाच्या किल्ल्या
आणि एक दाताळं.
करार चौदा आठवड्यांचा.

त्याआधी तीस वर्षं जाळी ओढली.
मग कोटा विकला गेला, मागोमाग बोट,
आणि धक्क्यावर आम्हाला केक कापून दिला.
बायको म्हणाली, अर्ज तर कर, चालता येतं ना तुला?
मुलाखतीत विचारलं, माणसांशी बोलायची सवय आहे?
म्हटलं, कॉड माशांशी आहे.
कुणी हसलं नाही. तरी घेतलं.

स्वार्तादालूरमध्ये झाड नाही.
काळी वाळू, करडं शेवाळ,
आणि उभ्या माणसाला बसवणारा वारा.
पहिल्याच सकाळी पाहतो तर
रात्री कुणीतरी जीप घालून
वाळूत भलामोठा आठ काढून गेलेला.
रात्री म्हणजे उजेडातच;
जूनमध्ये इथं रात्र फक्त घड्याळात असते.

पाच तास ओढलं दाताळं दोघांनी.
खरवडू नकोस, ती सांगे, विंचर.
कडेकडेनं, मागं सरकत,
आपलीही पावलं पुसत पुसत.
शेवटी कंबर धरून वळून पाहिलं
तर आम्ही काहीच केलेलं नव्हतं.
"छान," हाल्बेरा म्हणाली.

माणसं येत. विचारत:
संडास कुठे? नेट कुठे लागतं?
एका बाईंनी विचारलं, ज्वालामुखी किती वाजता?
मी म्हटलं, बाई, त्याचाही करार हंगामीच आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका पोराची टोपी उडाली.
लाल, गोंड्याची. आई ओरडली,
आणि मी, हातात पाटी तशीच धरून,
"वाटेवरूनच चाला" अशी पाटी,
एक पाय शेवाळात टाकला.
एकच.
टोपी मिळाली. टाळ्याही मिळाल्या.
पाय उचलला तर खाली
डावा बूट, तळव्याच्या नक्षीसकट.

शेवाळाला दाताळं चालत नाही.
"किती दिवस राहील?"
तिनं माझं वय विचारलं,
मग म्हणाली, जाऊ दे.

समुद्रात असं नव्हतं.
त्याच्यावरून गेलो की मागं पांढरी रेघ,
बिडी विझेपर्यंत तीही नाही.
काय उपसलं, काय टाकलं,
तो चकार शब्द बोलला नाही,
आणि मी समजत आलो
की त्याला काही झालंच नाही.

त्या ठशाशी रोज जात होतो मी,
वाटेवरूनच.
जुलैत त्यात पाणी. एकदा एक मेलेली माशी.
कडा थोडी सैल पडल्यासारखी वाटली एका संध्याकाळी,
हाल्बेराला बोलावून दाखवली.
ती वाकली, बराच वेळ पाहिलं.
"नाही," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून
तिथंच उभी राहिली थोडा वेळ,
जसं कुणाच्या घरी आपण भेटायला जाऊन राहतो.

सप्टेंबरात मेंढ्या खाली उतरल्या.
पाण्यावर पहाटे बर्फाचा पापुद्रा.
किल्ल्या परत, वायरलेस परत,
दाताळ्याचे दोन दात मीच बसवून दिलेले.
"अर्ज जानेवारीत निघतात," ती म्हणाली.
म्हटलं, जानेवारीला मी काय, घरीच.

जाकीट टांगण्याआधी कॉलर उलटवली.
मार्कर वाळलेला. दोनदा फुंकर घातली,
तळव्यावर घासला,
तिसऱ्या नावाखाली लिहायला घेतलं ओड्डगेइर,
तर ओड्ड
एवढंच उमटलं.