विस्थापन

हॅलिफॅक्स. गुरुवार, शेवटचा तास.
फळ्यावर लिहिते:
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.
लिहिते अर्थात इंग्रजीत,
पण हात आधी मराठीतून जाऊन येतो.

"भिंत ढकला," म्हणते.
पोरं भिडतात. टाय सैल, कान लाल,
एक जण तर डोक्यानंच ढकलतोय.
"किती काम झालं?"
"खूप, मिस!"
"शून्य."
हा शब्द म्हणायला मला आवडतं, कबूल आहे.

मग डेक्लन ॲक्रॉइड,
जो एरवी पट्टीनं बाकाची कड सोलत बसतो,
हात वर न करताच विचारतो:
"माझी आई फाटकासमोर पोरांना रस्ता ओलांडून देते.
लॉलीपॉपची काठी धरून उभी असते पावसात.
काठी तर जागची हलत नाही.
मग रात्री तिच्या खांद्याला मी
गोठलेल्या मटारची पिशवी का धरतो?"

कुणी हसत नाही.
मी मार्करला टोपण लावते, काढते.

काठीवर काम शून्य, हे खरंच.
पण खांद्याच्या आत बारीक धागे
आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात.
धरून ठेवणं म्हणजे दर क्षणी नव्यानं धरणं.
सकाळचा टोस्ट तिथं जळतो,
ऊब होऊन कोटाबाहेर जातो.
काठीला पत्ताही नसतो.
सूत्र काठीचं आहे, डेक्लन. आईचं नाही.

तो वहीत काहीतरी लिहितो.
चित्रही असेल. मी पाहिलं नाही.

राहिलं विस्थापन.
कितीही भटका, निघालात ते ठिकाण
आणि पोचलात ते, यांतलं
सरळ अंतर तेवढं मोजायचं. दिशेसकट.
धरणात गाव गेलं तेव्हा
वडिलांच्या सरकारी कागदावर हाच शब्द होता:
बावीस किलोमीटर, पूर्वेला.
परिमाण होतं, दिशा होती,
म्हशीचा उल्लेख नव्हता.
हे अभ्यासक्रमात नाही, म्हणून सांगत नाही.

घंटा. खुर्च्या धडाधड मेजांवर चढतात.
"हे काम!" मी ओरडते, "हे बघा, हे खरं काम!"
ऐकायला कोण थांबलंय.

फाटकाशी ती, पिवळ्या कोटात.
काठी पुढे करते, गाड्या थांबतात,
"सावकाश हं, लव्ह."
मी पलीकडे पोचते,
आणि आठवतं, छत्री वर्गातच राहिली.

वळते.
ती काही विचारत नाही.
पुन्हा काठी उचलते.