चंद्री

अब्बांच्या हातांचा वास काही गेला नाही.
भिलवडीत परतून सात वर्षं झाली,
शिकेकाई झाली, लिंबू झालं, चुलीतली राख झाली,
तरी ते जेवायला बसले की ताटाआधी तो वास यायचा,
बर्फातल्या बांगड्याचा.

त्यांच्या तरुणपणी तासगावकडच्या सर्कशीत सिंह होते.
पुढं सरकारनं सिंह नेले, तंबू एका मांडववाल्यानं घेतला,
आणि जनावरातला माणूस म्हणून
अब्बांना कुणीतरी आखातात नेलं.
तिथं निळा रंग दिलेला एक हौद होता,
हौदात तीन डॉल्फिन
आणि बादली धरायला नूरमहंमद शिकलगार,
राहणार भिलवडी, जिल्हा सांगली.

तिचं तिथलं नाव अब्बांच्या जिभेवर बसेना.
ते तिला चंद्री म्हणायचे,
आमच्या विकलेल्या म्हशीच्या नावानं.
"उडी मारली की मासा. न्हाई मारली, की बादली झाकायची.
एवढंच शिक्षान.
तिचंबी आन् माझंबी."
रोज सकाळी पहिल्या माशाच्या कल्ल्यात
एक गोळी खुपसायची, पोटातल्या जखमांवरची.
"समुद्रात कोन देतं गं गोळ्या?"

लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवायचे,
बघ, बघ, कशी हसतेय.
"ते हाड हाय जबड्याचं. हसू न्हवं.
मेली तवाबी तशीच हसत व्हती."

त्यापुढचं ते सांगत नसत.
एकदा फक्त तापात बोलले
की ती भिंतीकडं आवाज टाकायची
आणि भिंत तो लगेच परत करायची,
उधारी नको म्हणणाऱ्या दुकानदारासारखी.
मग तिनं आवाज टाकणं सोडलं.

माझी डी.एड.ची फी त्या बादलीतून आली.
एकदा मी वहीत हिशेब मांडला होता,
एका वर्षाच्या फीला किती उड्या.
चारशेच्या पुढं पान उलटलं
आणि वही मिटली.

यंदा होळीच्या सुमारास मगरीनं माळ्यांची शेळी ओढली.
वनखात्याचा पिंजरा घाटावर आला.
सरपंच म्हणाले, चाचांना बोलवा, त्यांना कळतं.
अब्बांनी पिंजऱ्याला वीत लावली.
लांबी चौदा विती. रुंदी चार.
"मगर केवढी?"
"धा फूट तर असंलच."
"मग वळायचं कुठनं तिनं?"
गर्दीत कुणीतरी हसलं,
"वळून कुठं जायाचंय तिला, चाचा?"

खरं सांगते, मला तो पिंजरा हवा होता.
माझ्या वर्गातली नऊ पोरं त्याच घाटावर पोहतात.
घरी येताना मी ते बोललेही.
अब्बा बराच वेळ गप्प चालले.
मग म्हणाले, "खरं हाय तुझं. हिनं शेळी खाल्ली.
चंद्रीनं काय खाल्लं व्हतं?"

मगरीला बघायला कुणी तिकीट काढत नाही.
तिचं तोंड तसं नाही.
एवढ्यावरच बहुतेक तिला आजवर नदी मिळाली.

काल माझ्या मुलानं तांदळाच्या डब्यामागून
एक स्टीलची शिट्टी शोधून काढली
आणि गाल फुगवून फुंकली.
अब्बा दुपारचे झोपले होते.
ते उठून उभे राहिले. ताठ.
उजवा हात कोपरात वाकलेला,
बोटं नसलेल्या कडीभोवती मिटलेली.
मग आम्ही दिसलो त्यांना.
हात खाली घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

शिट्टी मी धुऊन ठेवली आहे. फेकवली नाही.
पिंजरा अजून घाटावरच आहे, दार वर ओढलेलं.
संध्याकाळी अब्बा काठी घेऊन तिकडं जातात,
तो रिकामाच आहे ना, एवढं बघतात
आणि चहाला परत येतात.