मीठ पांढरं यायला हवं

एकतीस वर्षं वीज खात्यात, म्हापशाला,
बिलांच्या खिडकीमागे बसून
मी लोकांना एकच वाक्य ऐकवत आले:
मीटर खोटं बोलत नाही.

आणि आता आगरवाड्याच्या बांधावर, सकाळी पावणेसातला,
एलुतेर सर म्हणतात,
"मीटर खोटं बोलतो गो, सुलक्षा.
त्याला एकच रंग ठाऊक, राखेचा.
मीठ दाखव, म्हणेल राख.
म्हशीची पाठ दाखव, तरी राख."

पहिले तीन रविवार त्यांनी बटणाला हात लावू दिला नाही.
नुसतं बघायचं.
सावली कुठून निघते, कुठे संपते,
आणि संपते तिथे तिचा काठ
कापलेला आहे की उसवलेला.
घरी भावजयीला म्हटलं,
अठ्ठावन्न हजार घालून
मी बांधावर उभं राहायला शिकतेय.

चौथ्या रविवारी मिठाचा ढीग टिपला.
पडद्यावर उमटला
चुलीतून उपसल्यासारखा.
"अधिक कर."
चाक फिरवलं. अधिक एक.
"अजून दोन ठिपके."
आणि मीठ मीठ झालं,
खड्यांच्या कडांसकट.

सर पडद्याकडे बघत नाहीत.
एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं,
दुसऱ्यातल्या मोतीबिंदूला हात लावू देत नाहीत.
शिवोलीहून माझ्या स्कूटरवर मागे बसून पूल ओलांडतात,
मांडीवर उंड्यांची गरम पिशवी,
आणि इथे पोचल्यावर विचारतात, "डोंगर कुठे आहे?"
आलेखातला डोंगर.
मधोमध, मी सांगते. नाही, थांबा,
डावीकडे कललाय. शेंडा चपटा आहे.
"चपटा कसा? पोळीसारखा की टोपीसारखा?"
मग मला परत बघावं लागतं.

स्टुडिओ होता त्यांचा, तिठ्यावर, चाळीस वर्षं.
बहरीनला, कुवेतला, जहाजांवर निघालेली पोरं,
दोन्ही कान दिसलेच पाहिजेत.
आणि मेलेल्यांचे फोटो. पेटीभोवती सगळं घर उभं,
दूरदेशीचा मुलगा वेळेवर पोचणार नाही म्हणून.
"पांढरी फुलं, काळे कोट,
आणि रोलमध्ये उरलेल्या दोनच फ्रेमा.
परत मर, असं सांगता येत नाही गो.
तुला काय, पुसलं की झालं."
पण पुसू मात्र देत नाहीत.
चुकलेले सगळे घरी जाऊन मोजायला लावतात.
गेल्या आठवड्यात दोनशे चौदा.

आज साळू फळी ओढत होती,
उगवता सूर्य तिच्या पाठीशी.
मी कॅमेरा उचलला तशी ती थांबली.
"तू ती खिडकीवरची ना?
घरात दोन बल्ब माझ्या, आणि बिल नऊशेचं.
तीनदा आले होते मी. आठवतं?"
मला आठवलं नाही.
तिन्ही वेळा मी काय म्हटलं असेल
ते तेवढं ठाऊक होतं.

मीठ राखलं तर तिचा चेहरा कोळसा.
चेहरा राखला तर मिठाचं काही उरत नाही.
सर मागून काहीच बोलेनात,
उंडा मोडल्याचा आवाज आला फक्त.
मी चाक फिरवलं. अधिक दोन. अजून थोडं.

"डोंगर?"
उजव्या काठावर आपटलाय.
"मीठ जळलं. नापास." मग बराच वेळ चावत राहिले.
"आणि ती?"
दिसतेय. कपाळावर खार सुकलाय,
डाव्या भुवईत एक खडा.
"मग पुसू नकोस."

साळूनं हात पदराला पुसले,
पडद्यावर वाकली,
आधी स्वतःकडे बघितलंच नाही तिनं.
सकाळपासून ओढलेले अकरा ढीग शोधत
तिनं मला विचारलं,
"मीठ खंय गेलें?"