एर्मांसचा वाटा

लेबलं चिकटवायचं यंत्र बिघडलं
की मला बोलावणं येतं.
तळघरात उलट्या पिंपावर बसून
हातानं चिकटवतो एकेक:
'देल्रीव आणि पुत्र. काओर.'
खाली, बारीक अक्षरांत, जवळजवळ लाजत:
एर्मांसचा वाटा.

पुत्र चौघे होते. ती पाचवी.
पाटीवर तेवढी जागा नव्हती,
असं माझे आजोबा गास्तों हसून सांगायचे;
कुणीच त्यांना
पाटी केवढी होती ते विचारलं नाही.

म्हातारा ओदिलों नावाडी. आयुष्यभर
दुसऱ्यांची पिंपं बोर्दोला पोचवून
साठाव्या वर्षी त्यानं स्वतःची जमीन घेतली,
आणि तीन हंगामांत गेला.
वाटणी झाली. नदीकाठचा गाळ थोरल्याला,
गिरणीमागचं मधल्या दोघांना,
गास्तोंला तळघराशेजारचा उतार,
आणि एर्मांसला टेकाडावरचा तुकडा.
क्षेत्रफळ सगळ्यांचं सारखं. नोटरीनं दोनदा मोजलं.
फक्त तिच्या तुकड्यात माती नव्हती.

दगड होते, पांढरे, चुनखडीचे.
तिनं ते वेचले. बावीस वर्षं.
त्यांची कमरेएवढी भिंत रचली, चुना न लावता.
अजून उभी आहे, सरडे सांभाळत.
दर हिवाळ्याआधी टोपलीनं माती वर नेऊन
ती वेलींच्या बुंध्यांवर रचायची,
आणि खाली भाऊ म्हणायचे,
बघा, बाई झुडपांना दुलई घालतेय.

छप्पन्नच्या फेब्रुवारीत
लोत नदी काठाकाठानं गोठली.
रात्री खोडं तडकायची. बंदुकीसारखी, म्हणतात.
मला नाही तसं वाटत.
शेजारच्या खोलीत कुणी
चुकून कप फोडावा
आणि मग गप्प राहावं, तसं असणार.
सकाळी आमच्या खोऱ्यात एकही वेल जिवंत नव्हती.

वर, मातीखाली, होत्या.
सगळ्या नाहीत. अकराशेंपैकी चारशे दहा.

भाऊ टेकाड चढून आले, टोप्या हातात,
कलमांसाठी काड्या मागायला.
तिची वही मी पाहिली आहे:
'एलोआ, दोनशे. कोंबडा आणला. म्हातारा निघाला.'
'गास्तों, तीनशे. परत येणार नाहीत.'

आल्या नाहीतच. इथेच आहेत,
माझ्या पाठीमागे, रांगेनं, पिंपांत.
आज देल्रीवांची जी जी लाल वाइन आहे
तिच्या मुळाशी त्या चारशे दहा आहेत.
पण तिचं नाव एकाच बाटलीवर,
सर्वांत महाग, टेकाडावरच्या.

तुलूझहून चाखणारे येतात,
पेला तिरका धरतात, रंग पाहून भुवया उंचावतात:
शाईसारखी! मग म्हणतात
काळे मनुके, चामडं, विलक्षण संयम.
मला आधी दगड लागतो, जिभेला खरखरीत,
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि बोलायला तोंड उघडावं
तेव्हा ती येते.

लेबल वाकडं बसलं तर बाटली विकत नाहीत.
काल एक वाकडं बसलं.
(बसवलं म्हणा.)
घरी कांद्याच्या पातीचं सूप होतं.
एर्मांसनं दांड्याचा पेला कधी हातात धरला नाही;
सूप संपत आलं की वाडग्यातच वाइन ओतायची,
दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची,
मनगटानं ओठ पुसायची.
मीही तसंच केलं. बायको म्हणाली,
साठ युरोंची आहे ती.

तळाशी एक पात चिकटून राहिली,
जांभळी झालेली.
ती बोटानं काढून खाल्ली.
एर्मांस काही टाकत नसे, म्हणतात.